हात वर करून ठरलं, तरी मोटारी का सुरू झाल्या?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गावाला एक पाझर तलाव, म्हणजे पाणी अडवून जमिनीत मुरवणारा तलाव, आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला ओळीनं विहिरी आहेत. गेल्या ऑक्टोबरात ग्रामसभेत हात वर करून ठराव झाला की तलावात कुणी मोटार टाकायची नाही. ठराव मोठ्या बहुमतानं झाला. जानेवारीअखेर पाच-सहा जणांनी रात्रीच्या मोटारी चालवल्या. मग "आम्हीच काय घोडं मारलंय" म्हणत आणखी काहींनी पाइप टाकले आणि एप्रिलमध्ये गावात टँकर आला. आता सरपंच म्हणतात बहुमताचा निर्णय म्हणजे निर्णय, वस्तीवरचे म्हणतात आम्हाला विचारलं कुणी, आणि तुम्ही विचारताय की यंदा बहुमतानं ठरवावं की एकमतानं.

पाणलोट समित्या आणि पाणी वापर संस्थांच्या बैठका चालवण्यात माझी बरीच वर्षं गेली, तीही मुख्यतः दुष्काळी पट्ट्यात. त्यावरून सांगतो, बहुमत की एकमत हा प्रश्न फार उशिराचा आहे. हात मोजायची वेळ येते तोवर निम्मा निर्णय झालेला असतो. विषय कुणी मांडला, पर्याय कोणते ठेवले, सभा कुठं आणि किती वाजता बसली, यातच कुणाचं पारडं जड राहणार ते ठरून जातं.

तुम्ही ओघात एक ओळ लिहिली आहे, तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मोटारी सुरू करणारे बहुतेक एक-दोन एकरवाले होते आणि त्यांच्याकडं स्वतःची विहीर नव्हती. आता त्या ठरावाकडं पुन्हा बघा. तलाव बंद ठेवला की पाणी मुरतं आणि मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना उतरतं. म्हणजे ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांना 'तलाव बंद' हा ठराव फुकटात पाणी देतो. पिण्याच्या पाण्याची काळजी असलेल्या बायाबापड्यांनी भाबडेपणानं हात वर केला, विहीरवाल्यांनी हिशेबानं केला, आणि सगळा तोटा पडला तलावाच्या काठी जमीन असून विहीर नसलेल्यांच्या पदरात. त्यांनी ठराव मोडला हे चूकच. पण तो ठराव त्यांच्या खर्चानं झाला होता, हे सभेत कुणी मोठ्यानं म्हटलं होतं का?

बहुमताची एक गंमत इथंच दिसते. समजा तीन पर्याय आहेत: तलाव पूर्ण बंद, दर घराला अर्ध्या एकरापुरतं पाणी, किंवा सगळं मोकळं. भूमिहीन आणि पाण्याला जाणाऱ्या बायका यांची पसंती बंद, मग अर्धा एकर, मग मोकळं. विहीर नसलेल्या छोट्या शेतकऱ्यांची पसंती अर्धा एकर, मग मोकळं, मग बंद. मोठ्या मोटारी असलेल्या विहीरवाल्यांना मोकळं आवडेल, नाही तर बंद चालेल, पण वाटून घेणं सगळ्यात नावडतं. तिन्ही गट साधारण सारखेच मोठे असतील तर 'बंद'समोर 'अर्धा एकर' हरतो, 'अर्धा एकर'समोर 'मोकळं' हरतं आणि 'मोकळं'समोर 'बंद' हरतं. म्हणजे सभेत कुठले दोन पर्याय समोरासमोर ठेवले, त्यावर निकाल अवलंबून. फ्रान्सच्या कोन्दोर्से नावाच्या गणितज्ञानं 1785 मध्येच हा पेच मांडून ठेवलाय, पण गावातल्या मुरलेल्या पुढाऱ्याला तो न वाचताही कळतो. "बंद की मोकळं, बोला" असं तो विचारतो आणि वाटपाचा पर्याय पटलावर येतच नाही.

म्हणून यंदा पहिलं काम पर्याय गोळा करण्याचं, आणि ते सभेत होत नाही. सभेच्या आधी पंधरा दिवस वस्तीवर, मेंढपाळांकडं, बचत गटाच्या बैठकीला, मळ्यात राहणाऱ्यांकडं जाऊन बसावं लागतं. प्रश्न एकच विचारायचा: तलावाचं पाणी डिसेंबरात संपलं तर तुमच्या घरी काय होईल? "तुमचं मत काय" असं विचारलं की लोक सरपंचाकडं बघून बोलतात. घरात काय होईल असं विचारलं की खरं बाहेर येतं. शेरडं विकावी लागतील, पोरीची शाळा पाण्यापायी बुडेल, कांद्याचं रोप टाकलंय त्यावर सोसायटीचं कर्ज आहे. हे सगळं लिहून घ्या आणि सभेत नावं न घेता वाचून दाखवा.

जागेचंही सांगतो. तुमच्याकडं सभा देवळाच्या पारावर होते असं दिसतं. बऱ्याच गावांत पारावर काही घरांतले लोक आजही चढत नाहीत, कडेला उभे राहतात. त्यांना कुणी अडवत नाही, पण पाय उचलत नाही हे खरं. बायका पाराच्या मागं पदर सावरून बसतात आणि तिथून बोललेलं पुढं ऐकू जात नाही. सभा शाळेच्या पटांगणात घ्या, सतरंज्या गोल टाका. वेळ सकाळी अकराची ठेवली तर मजुरीवर जाणाऱ्याचा दिवस बुडतो, म्हणजे सभेला यायची त्याच्याकडून फीच घेतल्यासारखं झालं. रात्री आठनंतर, जेवणं उरकल्यावर घ्या.

बायकांच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूनं आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणं नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती कागदावर होते, रजिस्टर घरोघरी फिरवून अंगठे घेतले जातात. ती खरीखुरी घ्यायला लावा आणि तिथं झालेला ठराव मुख्य सभेत सगळ्यात आधी वाचायला लावा. क्रमाला फार महत्त्व असतं. पहिल्यांदा जे बोललं जातं त्याच्याभोवती पुढची चर्चा फिरते, म्हणून माझ्या बैठकांत मी गावातल्या वजनदार माणसाला शेवटी बोलायची विनंती करतो. त्याला मानही वाटतो आणि इतरांचं बोलूनही होतं.

आता आकड्यांकडं. निम्मी भांडणं मतभेदाची नसतात, अंदाजाची असतात. एक म्हणतो तलाव मार्चपर्यंत टिकतो, दुसरा म्हणतो जानेवारीतच तळ दिसतो. हे मतानं ठरवायची गोष्टच नाही, ते मोजायचं. हिवरे बाजारनं दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावर पिकं ठरवली, हे तुम्ही ऐकलंच असेल. तिथं पोपटराव पवारांचं नेतृत्व होतं हे खरं, पण ताळेबंद मांडायला पोपटराव लागत नाहीत. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी, एवढं सूत्र शाळेतल्या पोरांनाही पुरतं. गावची लोकसंख्या 1,500 धरली आणि माणशी रोज 55 लिटर धरले, तर ऑक्टोबरअखेरपासून 8 महिन्यांना साधारण 2 कोटी लिटर, म्हणजे 20,000 घनमीटर पाणी नुसतं माणसांना लागतं. जनावरं वेगळी. पाटानं भिजवलेला एक हेक्टर ऊस वर्षाकाठी साधारण एवढंच किंवा जास्तच पाणी घेतो. हे वाक्य मी भाषणात सांगितलं तर लोक जांभया देतात. पोरांनी शाळेच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलं की लोक थांबून वाचतात.

पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढा. त्यावर मतदान नको. कुणाला प्यायला मिळावं की नाही हा बहुमताचा विषय होऊच शकत नाही. उरलेल्या पाण्याचं वाटप हाच निर्णयाचा विषय.

आणि इथं नियम आधी ठरवा, नावं नंतर. वाटप जमिनीच्या प्रमाणात करायचं, घरटी सारखं करायचं, की माणशी? दहा एकर जमीन आणि घरात तीन माणसं असं एक कुटुंब, एक एकर आणि सात माणसं असं दुसरं. जमिनीप्रमाणं वाटलं तर प्रमाण दहास एक. घरटी वाटलं तर एकास एक. माणशी वाटलं तर तीनास सात. तिन्ही पद्धतींना 'न्याय्य' म्हणता येतं आणि प्रत्येक जण आपल्या सोयीची पद्धत न्यायाची म्हणून सांगतो, तुम्ही-आम्हीसुद्धा. म्हणून कुणाच्या वाट्याला किती येतं याचा तक्ता काढायच्या आधी सभेत पद्धत ठरवून घ्यावी. तक्ता आधी फिरला की चर्चा संपली समजा.

1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हा याच प्रश्नाला त्यांनी सरळ हात घातला. पाणी माणशी अर्ध्या एकरापुरतं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. ऊस घ्यायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. मला यातला शेवटचा नियम सगळ्यात दूरदृष्टीचा वाटतो, कारण पाणी आल्यावर जमिनीचे भाव चढतात आणि गरीब विकून मोकळा होतो. तुमच्या गावाला हे सगळं जसंच्या तसं झेपेल असं नाही. पाणी पंचायतीसारख्या उपसा योजनेत, म्हणजे पाणी उचलून शेतापर्यंत नेण्याच्या योजनेत, सभासद नव्यानं एकत्र येतात, पैसे घालतात आणि अटी मान्य करूनच आत येतात. तुमच्याकडं तलाव आधीच आहे आणि वहिवाटही पडलेली आहे. पण भूमिहीनांचा वाटा ही कल्पना टेबलावर जरूर ठेवा. त्यांनी आपला वाटा दुसऱ्याला देऊन बदल्यात चारा किंवा धान्य घ्यावं, अशी व्यवस्था बसवता येते.

दुसरा एक जुना धडा खानदेशातला. पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत एका फडात, म्हणजे पाण्याखालच्या जमिनीच्या एका पट्ट्यात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असायची. पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. जमीन सगळीकडं थोडी थोडी असल्यानं झळ सगळ्यांनाच थोडी थोडी बसायची. म्हणजे सद्बुद्धीवर विसंबायची गरजच ठेवली नव्हती. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर 2005 च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यात पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळावर कालव्याच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना सारख्या जागा आहेत, त्यात महिलाही आहेत. कालव्याच्या तोंडाशी बसलेल्याला शेपटाची अडचण दिसत नाही, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांनी गृहीतच धरली. तुमच्या समितीतही तलावाच्या वरचे, काठचे, विहीरवाले आणि भूमिहीन असे हिस्से पाडा. आडनावांनी किंवा भावकीनं समिती भरू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. एकमत की बहुमत?

एकमताची गोष्ट निघाली की लोक गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव घेतात. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते, सामूहिक वनहक्क मिळवून तिनं बांबू विकला, हे सगळं खरं आहे. पण त्यामागं अभ्यास गट आहे हे सांगायचं राहून जातं. विषय आधी गटात बसून सावकाश समजून घेतला जातो, बाहेरच्या माणसालाही बोलावलं जातं, पण गटात निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेतच. शिवाय ते गाव लहान आहे, बहुतेक गोंड कुटुंबांचं आहे, आणि जंगल हा सगळ्यांचा सारखा आधार. तुमच्या गावात कुणाकडं तीन विहिरी आणि कुणाकडं घागर. अशा ठिकाणी नुसता एकमताचा आग्रह धरला तर एक विचित्र गोष्ट होते. आहे ते चालू राहण्यात ज्याचा फायदा आहे, त्याला फक्त "मला मान्य नाही" एवढंच म्हणत बसायचं असतं. निर्णय झाला नाही की तलाव मोकळाच राहतो आणि मोठ्या मोटारीचा मालक जिंकतो. एकमत दिसायला सगळ्यात सौम्य असतं, पण विषमता असलेल्या गावात ते बलवानाच्या हातातलं कुलूप होऊ शकतं.

याला माझ्या अनुभवातला उतारा असा. सभेच्या सुरुवातीला, कुठल्याही पर्यायावर बोलण्याआधी, एक गोष्ट ठरवून घ्या: दोन बैठकांत सहमती झाली नाही तर आपोआप काय लागू होईल? ते 'मोकळं' असू नये आणि 'पूर्ण बंद'ही असू नये. उदाहरणार्थ, निर्णय झाला नाही तर दर घराला अर्ध्या एकर ज्वारी किंवा हरभऱ्यापुरती एक संरक्षित पाळी, म्हणजे पीक जगवण्यापुरतं एक पाणी, बाकी सगळं पिण्यासाठी राखीव. ही अट मान्य करताना कुणालाच फार आवडत नाही आणि फार नावडतही नाही, म्हणूनच ती सहसा होते. एकदा ही अट बसली की अडून राहण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. लोक खरोखर बोलायला लागतात. हा एकच बदल केलात आणि बाकी माझं काहीच ऐकलं नाहीत तरी चालेल.

मग पर्यायांवर नुसतं हो-नाही विचारू नका. प्रत्येक पर्यायाला तीन डबे ठेवा: पटतं, चालेल, अजिबात नाही. प्रत्येकानं एक खडा टाकायचा. लिहिता-वाचता येण्याचा प्रश्न येत नाही. डब्यांवर फडकं टाकून आडोसा करा. ज्या पर्यायाला 'पटतं' सगळ्यात जास्त, तो जिंकला असं मी मानत नाही. ज्याला 'अजिबात नाही' सगळ्यात कमी, त्यावर चर्चा पुढं न्यावी. आणि 'अजिबात नाही' म्हणणारे थोडे असले तरी त्यांचं कारण ऐकल्याशिवाय उठू नका. कारण 'माझं नुकसान होतंय' असं असेल तर भरपाईचा रस्ता शोधता येतो. 'आमच्याकडं असं कधी झालं नाही' असं असेल तर नमस्कार करून पुढं जावं.

गुप्त की उघड, यावर कार्यकर्त्यांत वाद आहेत. माझं मत असं की पसंती गुप्त घ्यावी आणि कबुली उघड घ्यावी. ज्याच्या शेतात उद्या मजुरीला जायचंय, त्याच्यासमोर हात वर करायला सांगणं हा अन्याय आहे. दारूबंदीसाठी 'आडवी बाटली-उभी बाटली'चं मतदान गुप्त घेतात ते याच कारणानं. नवरा आणि दुकानदार दोघं समोर उभे असताना बाई कशी बोलणार? पण एकदा निर्णय झाला की तो पाळीन असं मात्र प्रत्येक मोटारवाल्यानं सभेत उभं राहून, नाव सांगून म्हणावं. तिथं आडोसा नको.

इतिवृत्तात नुसतं 'सर्वानुमते मंजूर' लिहू देऊ नका. विरोध कुणाचा, कशासाठी, आणि त्यावर काय ठरलं, हे दोन ओळींत आलं पाहिजे. ज्याचा विरोध लिहिला गेला तो पुढं ठराव मोडायला बिचकतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. ज्याला गप्प बसवलं गेलं तो रात्री मोटार चालवतो. फेरआढाव्याची तारीखही ठरावातच घाला, जानेवारीच्या मध्यावर तलावाची पातळी मोजून. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ती सांगता येते. निर्णय एका हंगामापुरताच आहे म्हटल्यावर माणसं जास्त सैल होतात.

दंडाबद्दल थोडक्यात. दंड लहानापासून वाढत जाणारा असावा, पहिल्या वेळेला सभेत नाव आणि एक पाळी रद्द, पुढं पैसे. पहिल्याच चुकीला वीजजोड तोडायची भाषा केली की कुणी कुणाला पकडतच नाही. पाटकरी, म्हणजे पाळीप्रमाणं पाणी सोडणारा माणूस, सगळ्यांच्या वर्गणीतून नेमा, एकट्या सरपंचाच्या मर्जीतून नको. आणि ठराव करतानाच विचारा, सरपंचाच्या भावानं मोडला तर कोण सांगायला जाणार? उत्तर मिळालं नाही तर तो नियम लिहूच नका.

काही गोष्टी मला इथून सांगता येत नाहीत, तुम्हीच बघायला हव्यात. तलाव कुणाच्या ताब्यात आहे, जिल्हा परिषदेच्या की जलसंधारण खात्याच्या, यावर ग्रामसभेचा अधिकार किती चालतो ते ठरेल. खाजगी विहिरी आणि बोअरना ग्रामसभेचा ठराव तसा थेट बांधत नाही, भूजलाचा कायदा वेगळा आहे आणि त्याची यंत्रणाही वेगळी. तिथं समजुतीवरच भिस्त राहते. आणि गावात एखादं घर इतकं मोठं असेल की निम्मं गाव त्याचं देणं लागतं, तर खड्याचे डबेसुद्धा फार कामाचे नाहीत. तिथं आधी कर्जाचा काही मार्ग निघावा लागतो, बचत गटातून किंवा सोसायटीतून.

तुम्ही विचारलंय की या आठवड्यात सुरुवात कुठून करू. गेल्या वर्षी मोटारी चालवलेल्या त्या पाच-सहा जणांपासून करा. सरपंचांना घेऊन जाऊ नका, एकटे जा, चहाला बसा. गेल्या वर्षीचा हिशेब काढू नका. अर्ध्या एकराचं पाणी पक्कं मिळणार असेल तर रात्रीची मोटार बंद ठेवाल का, एवढंच विचारा. त्यांनी हो म्हटलं तर वाटपाचा पर्याय सभेत मांडायला त्यांच्यातलाच एक जण उभा करा, तुम्ही मांडू नका. विहीरवाल्यांकडं त्यानंतर जा. जाताना गेल्या वर्षीची त्यांच्या विहिरींची पातळी लिहून न्या, तलाव बंद होता तेव्हाची आणि मोटारी सुरू झाल्यावरची. ती बघितल्यावर 'आमचा याच्याशी काय संबंध' हे वाक्य त्यांना म्हणता येणार नाही.